शेवंतीच्या नावाची गोगलगाय

भाटकर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सड्यावर, गावाबाहेरच्या कातळाच्या पठारावर होते. कॉलेजची मुलं बरोबर होती, पाऊस थांबून तासभर झाला होता आणि कातळावरच्या डबक्यांच्या कडेनं आम्ही वाकून चाललो होतो. सड्यावर रेंज येते-जाते. मोबाइल बाहेर काढला तर सरांच्या पत्नी सुनंदावहिनींचे तीन फोन येऊन गेलेले. एका उंच दगडावर चढून उलटा फोन लावला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "मेघना, सर सकाळी गेले. चहा मागितला होता, तो घेऊन आले तोवर..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मुलं खाली उभी राहून माझ्याकडे बघत होती. एकीच्या तळहातावर बारकी गोगलगाय होती आणि तिचं नाव मी सांगेन म्हणून ती थांबली होती. मी दगडावरून उतरले आणि तिला म्हटलं, "जिथून उचललीस तिथंच ठेव. आपल्याला परत जायचं आहे."

त्याला आता दीड महिना होऊन गेला. प्रा. विश्राम भाटकर हे नाव रत्नागिरीत फार लोकांना माहीत असेल असं नाही. व्यासपीठावर बसणारे ते गृहस्थ नव्हते. तीसेक वर्षं त्यांनी प्राणिशास्त्र शिकवलं आणि त्याहून अधिक वर्षं गोगलगायींच्या वर्गीकरणात घालवली. कवचवाल्या, बिनकवचाच्या, जमिनीवरच्या, पाण्यातल्या, सगळ्याच. मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते, नंतर त्याच विभागात त्यांची सहकारी झाले. त्यांच्याबद्दल लिहायचं तर एका गोष्टीबद्दल लिहावंच लागेल, आणि त्या गोष्टीत माझा वाटा फारसा चांगला नाही. म्हणूनच इतके दिवस हात धजत नव्हता.

त्यांच्या वर्गातला माझा पहिला दिवस आठवतो. प्रात्यक्षिकाच्या टेबलावर त्यांनी पिशवीभर शंख ओतले आणि म्हणाले, "वेगळे करा." आम्ही पुस्तकं उघडली. "पुस्तकं मिटा. नावं नंतर. आधी वेगळं काय आहे ते बघा." मी मन लावून रंगाप्रमाणे ढीग केले, पांढरे इकडे, तपकिरी तिकडे, ठिपक्यांचे मधे. सर आले, बघितलं आणि तळहातानं सगळे ढीग परत एकत्र करून टाकले. मला रडूच यायचं राहिलं. मग त्यांनी त्यातले दोन शंख उचलून माझ्यासमोर धरले, एक पांढरा आणि एक काळपट. "ह्यांची तोंडं बघ. वळसे मोज. दोघं सख्खे भाऊ आहेत. एक उन्हात पडून होता, एक सावलीत. रंगावर जाऊ नकोस गो." त्या दिवशी चौथ्या खेपेला माझे ढीग त्यांनी मोडले नाहीत. त्यानंतर मी दुसऱ्या कुठल्या विषयाचा विचार केला नाही.

बिनकवचाच्या गोगलगायींवर ते फार छान बोलत. लोकांना वाटतं, कवचवाल्यांचं एक घराणं आणि बिनकवचाच्यांचं दुसरं. सर सांगायचे, तसं नाही. कवच टाकून देणं ही गोष्ट निसर्गात एकदाच घडलेली नाही. वेगवेगळ्या घराण्यांनी वेगवेगळ्या काळी आपापली कवचं लहान करत आणली, कुणी पाठीच्या कातड्याखाली नखाएवढी चकती उरवली, कुणी तीही ठेवली नाही. म्हणून दोन बिनकवचाच्या गोगलगायी शेजारी शेजारी एकाच पानावर बसलेल्या दिसल्या, तरी त्यांचं एकमेकींशी असलेलं नातं कवचवाल्या बहिणींशी असलेल्या नात्यापेक्षा लांबचं असू शकतं. "दिसण्यावरून नातं जोडायचं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

पुढे जनुकांचा अभ्यास वाढला आणि आम्ही ज्यावर विद्यार्थी घडवले तो उदरपादांच्या, म्हणजे गोगलगायींच्या, वर्गीकरणाचा सगळा आराखडाच बदलला. जुने मोठे गट मोडले, काही तर नावासकट गेले. पुष्कळ प्राध्यापकांनी जुन्याच नोट्स पुढे चालवल्या, कारण परीक्षेत तेच येत होतं. सर एका सकाळी वर्गात आले, फळ्यावर जुना आराखडा काढला आणि त्यावर आडवी रेघ मारून म्हणाले, "गेल्या वर्षापर्यंत मी मुलांना हे शिकवलं. ते चूक होतं. आजपासून नवीन." मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. सरांना ते ऐकू गेलं, पण त्यांनी मान वळवली नाही. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते आणि मागे उभी होते. मला वाटलं होतं, चूक कबूल करणं ह्या माणसाला सोपं जातं. ते सोपं जात नव्हतं, हे पुढे कळायचं होतं.

सर मूळचे जयगडच्या खाडीकाठचे. घर मासेमारीवर जगणारं. वडील समुद्रावर, आई लवकर गेलेली. मोठी बहीण शेवंती. सर तिला 'बाय' म्हणत. आई गेली तेव्हा बाय चौथीत होती आणि सर अजून अंगणात रांगत होते. तिनं शाळा सोडली ती कायमची. ओहोटी लागली की ती खाडीच्या चिखलात उतरायची, खडकावरची कालवं फोडायची, मुळे, तिसऱ्या असे शिंपले काढायची, टोपली भरून बाजारात न्यायची. सर शिकले ते तिच्या जिवावर. ही गोष्ट त्यांनी मला कधी सविस्तर सांगितली नाही, आणि कुणी सांगायला लागलं तर ते उठून जात. एकदाच म्हणाले होते, "गुडघाभर गढूळ पाण्यात हात घालून बोटांनी ओळखायची, हा मुळा, ही तिसरी, हा नुसता दगड. मला भिंग लागतं."

त्या गोगलगायीचा शोध बायनंच लावला. सर गणपतीला घरी गेले असताना ती त्यांना म्हणाली, "विश्राम, विहिरीच्या चिऱ्यांवर केसाळ गोगलगाय हाय." सर हसले. चिऱ्यावरचं शेवाळ चिकटलं असेल, म्हणाले. पुढच्या खेपेला ते निघताना बायनं चहाच्या पुडीचा डबा त्यांच्या हातात दिला. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली, आत ओला पाला. सोमवारी कॉलेजात आल्यावर सरांनी डबा उघडला, एक गोगलगाय काचेच्या बशीत घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मी समोरच्या टेबलावर होते. ते पुढची दहा मिनिटं वाकून उभेच होते. मागे स्टूल आहे याचीही शुद्ध नव्हती. मग म्हणाले, "मेघना, इकडे ये. हे शेवाळ आहे का सांग."

ते शेवाळ नव्हतं. भाताच्या दोन दाण्यांएवढा चपटा शंख, मधासारखा रंग आणि त्यावर ओळीनं उभे असलेले बारीक केस, नवीन बुरशासारखे. आमच्या भागातून अशी गोगलगाय नोंदलेली नव्हती. तिच्या अगदी जवळची म्हणावी अशी एक जात होती. दीडेकशे वर्षांपूर्वी कुणा इंग्रज अधिकाऱ्यानं राजापूरकडच्या टेकड्यांतून गोळा केलेल्या शंखांवरून तिचं वर्णन केलेलं होतं. पण त्या वर्णनात शंख गुळगुळीत म्हटला होता आणि चित्रातही एक केस नव्हता. सरांनी चार वर्षं काम केलं. मोजमापं घेतली, चित्रं काढली, देशातल्या आणि बाहेरच्या जाणकारांशी पत्रव्यवहार केला. शेवटी नवी जात म्हणून शोधनिबंध छापून आला, आणि नाव दिलं बहिणीचं. लॅटिनच्या व्याकरणाप्रमाणे शेवंतीचं 'शेवंतिए' झालं.

छापलेलं पान घेऊन ते जयगडला गेले तेव्हा मीही बरोबर होते. बायनं पान उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाली, "गोगलगाईला माजं नाव? तुला दुसरं काय गावलं नाय?" आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. सरही हसत होते. पण पुढच्या वेळी गेलो तेव्हा ते पान काचेच्या चौकटीत, ओटीवरच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीच्या बरोबरीनं लागलेलं होतं. पोस्टमन, मासे न्यायला येणारे, बंदरावर कामाला लागलेली गावातली मुलं, घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती ते दाखवायची. "ह्या माज्या भावानं केलंय. माजं नाव सगळ्या जगात लिवलेलं हाय."

आता माझ्या वाट्याची गोष्ट.

माझं माहेर राजापूरचं. सरांच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं तेव्हाच्या पावसाळ्यात मी आईकडे गेले होते. घरामागच्या ओल्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, सहज नजर गेली आणि मी थबकले. मधासारखा रंग, चपटा शंख, त्यावर केस. शेवंतिए राजापुरातही असेल, असं आधी वाटून गेलं. मग शेजारी दुसरी दिसली, तिच्यावर केस अर्धेच होते. तिसरी पूर्ण गुळगुळीत. मी त्या डब्यात घालून रत्नागिरीला आणल्या, घरी ओल्या मातीत वाढवल्या. लहान होत्या तोवर दाट केस, वाढल्या तसे झिजत गेले, आणि पूर्ण वाढलेल्या काहींच्या अंगावर एकही उरला नाही. मेलेल्यांचे रिकामे शंख मी उन्हात ठेवून पाहिले. महिनाभरात ते थेट त्या इंग्रज अधिकाऱ्याच्या चित्रासारखे झाले. गोगलगायींच्या बाबतीत नुसता शंख पुष्कळदा फसवतो, खरी ओळख पोटातल्या अवयवांवरून, मुख्यतः जननेंद्रियांवरून पटते. मी राजापूरची आणि जयगडची, दोन्ही उघडून शेजारी शेजारी ठेवल्या. काही फरक नव्हता. त्या अधिकाऱ्याला जिवंत गोगलगाय दिसलीच नव्हती, त्यानं मेलेले, उन्हानं पांढरे पडलेले शंख तेवढे उचलले होते. पण नियम स्पष्ट आहे. एकाच जिवाला दोन नावं दिली गेली असतील तर आधीचं टिकतं, नंतरचं बाद होतं. शेवंतीचं नाव बाद होणार होतं.

मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला आणि खुर्चीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सर त्यांच्या निरोपसमारंभाला बायला बोलवायचं म्हणून गाडीची चौकशी करत होते. मी गप्प बसले. समारंभात बाय नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती आणि प्राचार्यांनी तिला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, "ह्याच त्या शेवंतीताई." मीही टाळ्या वाजवल्या... निवृत्तीनंतर सांगू म्हटलं. मग दिवाळीनंतर. मग वहिनींचं ऑपरेशन झाल्यावर. राजापूरच्या गोगलगायींच्या कुप्या मी माझ्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवल्या होत्या, वर्तमानपत्राखाली. दोन वर्षं त्या तिथं होत्या.

निवृत्तीनंतरही सर आठवड्यातून तीन दिवस विभागातल्या संग्रहाच्या खोलीत येऊन बसत. एका दुपारी मी तासावरून परतले तर ते माझ्या टेबलाशी उभे होते. बारीक चिमटा शोधत होते म्हणे. खालचा खण उघडा होता आणि त्यांच्या हातात कुपी होती. प्रत्येक नमुन्यासोबत जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव असलेली चिठ्ठी टाकायचीच, हे त्यांनीच मला शिकवलेलं. मी ती टाकली होती.

"ही तारीख बरोबर आहे?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"माझ्या निरोपाच्या आधीची."

"हो."

"उघडून बघितलीस?"

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी पुढे काय दिसलं ते विचारलं नाही. मी दोन वर्षं लपवून ठेवलं म्हणजे काय दिसलं असणार, हे त्यांना कळलं होतं. कुपी टेबलावर ठेवून ते म्हणाले, "दोन वर्षं मी लोकांना चुकीचं नाव सांगत फिरलो, आणि तू शेजारी उभी राहून ऐकत होतीस." त्यांचा आवाज चढला नव्हता. मी म्हटलं, "सर, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..." ते म्हणाले, "वाईट वाटेलच. मग? माझं वाईट वाटणं तू ठरवणार?" आणि छत्री घेऊन निघून गेले.

तीन आठवडे ते आले नाहीत. मी घरी गेले तर वहिनींनी दारातच खुणेनं सांगितलं, नको. नंतर कळलं की ते मधल्या काळात एकटेच एसटीनं राजापूरला गेले होते. माझ्या आईच्या घरामागच्या गडग्यावरून त्यांनी स्वतःच्या हातानं गोगलगायी गोळा केल्या. आईनं चहाला बोलावलं तर म्हणाले, "आज कामाला आलोय." माझ्या निष्कर्षावर त्यांनी विश्वास ठेवला नाही म्हणून मला तेव्हा लागलं. आता वाटतं, त्यांनी हेच करायला हवं होतं. सगळं त्यांनी पहिल्यापासून केलं. वाढवल्या, उघडल्या, मोजल्या. हात तोवर थरथरायला लागला होता, एकेक गोगलगाय उघडायला दोन दोन दिवस लागत. शरीराचे तुकडे जनुकांच्या तपासणीसाठी बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले. उत्तर यायला वर्ष गेलं. आलं त्या दिवशी त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला. "तुझं बरोबर आहे," म्हणाले. त्या वर्षात माझ्याशी कामापलीकडे बोललेलं हे पहिलं वाक्य.

मग त्यांनी दोन पानांची टिपणी लिहिली. 'शेवंतिए' ही स्वतंत्र जात नाही, ती आधीच्या जातीतच मोडते, हे नाव यापुढे वापरू नये. लेखक म्हणून माझं नाव आधी, त्यांचं नंतर. मी नको म्हटलं. "आधी कुणाला कळलं?" एवढंच त्यांनी विचारलं. ती टिपणी तयार होऊन आठ दिवस त्यांच्या पिशवीत पडून होती. "पाठवायच्या आधी बायला सांगायला हवं," ते म्हणाले. "तू चल."

जयगडच्या रस्त्यावर बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती आणि एसटी तासभर रखडली. सर खिडकीशी बसून काय बोलायचं ते पुटपुटत होते, पहिल्या व्याख्यानाला निघालेल्या माणसासारखे. बाय ओटीवर जाळ्याची गाठ मारत बसली होती. सत्तरी ओलांडलेली, पण पाठ ताठ. सरांनी सगळं नीट सांगितलं. अधिकारी, त्याचे मेलेले शंख, झिजणारे केस, आधीच्या नावाचा नियम. ती ऐकत होती, हात थांबला नव्हता.

"मंग ती गोगलगाय नाय काय?" तिनं विचारलं.

"हाय ना गो. गोगलगाय हाय तशीच हाय. नाव तेवढं गेलं."

"आनि त्या सायबाचं ऱ्हायलं."

"त्यानं आधी लिवलं होतं."

"त्यानं जिती बगितलीन होती?"

"नाय."

"तिला केस हायत, हे तरी ठावं होतं त्याला?"

"नाय, बाय."

तिनं जाळं बाजूला ठेवलं. "मी मागितलं होतं तुज्याकडं, माजं नाव दे म्हनून?"

"नाय."

"मंग दिलंस कशाला आनि आता काडतोस कशाला? गावाला काय सांगू? भाऊ खोटं बोल्ला?"

"खोटं नाय गो. चूक झाली माजी."

बाय उठली, भिंतीवरची चौकट उतरवली आणि सरांच्या मांडीवर ठेवली. "तुजं हाय, तू ने." आणि आत गेली. आम्ही बराच वेळ ओटीवर बसून होतो. आतून भांड्यांचा आवाज येत होता, पण चहा आला नाही. त्या घरातून चहा न घेता मी त्याआधी कधी उठले नव्हते. परतीच्या गाडीत सरांनी चौकट पिशवीत उभी धरली होती. रत्नागिरी जवळ आल्यावर म्हणाले, "तिचं काही चुकलं नाही." मी हिंमत करून म्हटलं, "सर, नाही पाठवली टिपणी तरी कुणाला कळणार आहे? आपल्या दोघांनाच माहीत आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, थकून. "बायनं मला शिकवलं ना," ते म्हणाले, "ते तिच्यासाठी खोटं लिहायला नाही." दुसऱ्या दिवशी टिपणी पोस्टात पडली.

ती छापून आली आणि कुठं काही झालं नाही. पाच-सहा जाणकारांची पत्रं आली, एकानं लिहिलं की स्वतःची जात स्वतः रद्द करणारे थोडे असतात. सरांनी ते पत्र मला दाखवलं नाही, वहिनींनी दाखवलं. पण बाय रत्नागिरीला येईनाशी झाली. शिमग्याला नाही, गणपतीला नाही. सर दर रविवारी फोन करत, ती शेजारच्या पोरीकडून "घरात नाय" म्हणून सांगायची. त्या वर्षभरात ते एकदम म्हातारे झाले. पुढे पोटाचं दुखणं निघालं, मुंबईला नेलं, परत आणलं. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन जे सांगितलं ते सरांनी दाराआडून ऐकलं होतं.

ह्या वैशाखात, एका सकाळी, मी त्यांच्याकडे बसले असताना फाटक वाजलं. बाय होती. डोक्यावर टोपली, अंगावर प्रवासाचा घाम. वहिनींनी टोपली उतरवून घेतली. ती सरळ आतल्या खोलीत गेली आणि पलंगाशी उभी राहिली. चौदा महिन्यांनी ती भावाला बघत होती आणि पलंगावरच्या माणसात तो तिला पटकन सापडेना, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"उठ," ती म्हणाली. "कालवं आनलीत."

सरांना तेव्हा पेजेपलीकडे काही जात नव्हतं. तरी ते उठून बसले. वहिनींनी कालवांचं पातळ सार करून आणलं, बायनं वाटी आपल्या हातात घेतली आणि चमच्यानं भरवलं. दोन चमचे गेले. तिसऱ्याला त्यांनी मान फिरवली. तिनं आग्रह केला नाही. वाटी खाली ठेवून ती म्हणाली, "ते केस पावसाळ्यात येतात, उन्हाळ्यात झडतात. मी बगितलं. तू सांगितलंस ते खरं हाय."

सरांनी विचारलं, "कंदी बगितलंस?"

"रोज बगते. पानी भरायला जाते ना." मग म्हणाली, "राग तुजा होता. त्या गोगलगाईनं काय केलंय?"

सरांनी तिचा हात धरला. चिखलात आणि खडकात झिजलेली, नखं तुटलेली ती बोटं त्यांनी बराच वेळ सोडली नाहीत. मी उठून बाहेर आले. श्रावण लागेपर्यंत बाय तिथंच राहिली. सर गेले त्या सकाळी वहिनी चहा आणायला गेल्या तेव्हा पलंगाशी तीच होती.

मला सरांनी माफ केलं की नाही, मला माहीत नाही. शेवटच्या महिन्यात एकदा मी तो विषय काढला, म्हटलं, "सर, मी चुकले." ते म्हणाले, "तारीख खरी लिहिली होतीस." एवढंच. ते कौतुक होतं की आणखी काही, ह्याचा मी अजून विचार करते.

गेल्या आठवड्यात बाय जयगडला परत जायला निघाली आणि जाता जाता कॉलेजात आली. तिला सरांची खोली बघायची होती. इतक्या वर्षांत ती तिथं कधी आली नव्हती. संग्रहाची खोली म्हणजे चार लाकडी कपाटं, उत्तरेची एक खिडकी आणि स्पिरिटचा वास. बायनं नाकाला पदर लावला, मग काढला. कपाटातल्या बरण्यांवरून ती बोट न लावता नजर फिरवत गेली आणि म्हणाली, "माजी खंयची?"

मी बरणी काढून टेबलावर ठेवली. तिनं खिडकीशी नेऊन उजेडात धरली. तळाशी सात-आठ गोगलगायी, आणि काचेला टेकून उभ्या असलेल्या दोन चिठ्ठ्या.

"ह्या दोन कशाला?"

"एक नवी. त्या अधिकाऱ्यानं दिलेल्या नावाची, माझ्या हातची. आणि ही सरांच्या हातची. शेवंतिए. खाली जयगड, विहिरीचे चिरे, आणि गोळा करणारी... शेवंती भाटकर."

"काडलीस नाय?"

"काढत नाहीत, बाय. नाव बदललं तरी जुनी चिठ्ठी बरणीतून कुणीच काढायची नसते. नवी तिच्या शेजारी टाकायची. सगळीकडे हाच नियम आहे. दोनशे वर्षांनी कुणी ही बरणी उघडली, तरी दोन्ही वाचेल."

"विश्रामनं सांगितलं नाय मला."

"विसरले असतील."

"विसरला नसंल," ती म्हणाली. "मी बोलूच दिलं नाय त्याला."

बरणीतलं स्पिरिट बोटभर उडालं होतं आणि चिठ्ठ्यांची वरची टोकं कोरडी पडली होती. दर महिन्याला सर सगळ्या बरण्या बघून भर घालायचे, त्यांच्या आजारपणात ते राहून गेलं होतं. मी कपाटाखालून बाटली काढली, बरणीचं झाकण उघडलं आणि बरणी टेबलावर ठेवायला सांगितली. बायनं ठेवली नाही. मी हळूहळू ओतत होते, स्पिरिट चढत होतं, सरांची पेन्सिलीतली अक्षरं एकेक करून पुन्हा भिजत होती, आणि ती दोन्ही हातांनी बरणी धरून, अजिबात न हलता, उभी होती.